वर्षभरासाठी आलेला बसू

१४ जून १९९७, शनिवार

आलं ते असं — मोठ्या बॅगा दोन, तिकडचे वापरून फेकायचे लंगोट पुडे चार, ओटचा डबा एक, पोराला फिरवायची चाकांची खुर्ची एक, सूनबाई सुष्मिता, आणि नातू बसवेश, वय एक वर्ष दहा महिने. मुंबईहून मोटारीला २२०० रु. गेले! मल्लूचा हुकूम — "अव्वा, पोर बरोबर आहे, रेल्वेनं नको." त्याला काय, तो इंग्लंडात बसून हुकूम सोडतोय. विमानात जादा वजनाचे किती पडले ते सुष्मिता सांगेना. म्हणजे पुष्कळ असणार.

बसूनं उंबरा ओलांडला, ह्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "नो."

हे म्हणाले, "झालं. साहेब आलं."

२२ जून, रविवार

सुष्मिता पहाटे गेली. तिथल्या दवाखान्यात रात्रपाळ्या, त्यात डॉक्टरकीची पुढची परीक्षा. मल्लूची नोकरी नवी. पोराकडं बघणारं कोणी नाही, म्हणून वर्षभर बसू आमच्याकडं. तो झोपेत होता. उठवू का म्हटलं, तर — "नको अव्वा. माझा पाय निघायचा नाही." दारात माझा हात घट्ट धरला. "एवढंच करा. त्याला मला विसरू देऊ नका."

"खुळी काय तू? पोटचं पोर आईला विसरतंय होय?" असं म्हटलं, आणि गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून शब्द दिला.

उठल्यावर बसूनं तिला सगळ्या घरात शोधलं. कॉटखाली, दाराआड. शेवटी माझं पातळांचं कपाट उघडून आत बघत उभा राहिला.

२६ जून

त्या लंगोटाचा हिशेब केला. एकाला पावणेनऊ रुपये. आणि तो फेकायचा! मी मॅट्रिक झाले ते काय उगीच? साबण लावून धुतला. तर फुगायलाच लागला. दुधीएवढा झाला! पिळला तर फुटला — मोरीभर पांढरा चिकट गोळा. हे बघायला आले. "साबुदाणा भिजत घातलास काय गं?" दिवसभर हसतायत. उद्यापासून माझ्या जुन्या पातळाचे लंगोट.

३ जुलै

आज स्वतःहून मोरीत गेला! देवापुढं नारळ फोडला.

२० जुलै

शब्द दिलाय तर पाळायला हवा. सुष्मिताची तसबीर देवघरातच ठेवली, म्हणजे सकाळी पूजेला बसलं की दर्शन. मी लिंग तळहातावर घेतलं की हाही डावा हात पुढं करतो. त्याच्या हातावर एक बेदाणा ठेवते. मी विभूती लावते, तोही बेदाण्याला लावतो. मी डोळे मिटते, तोही मिटतो. आणि पूजा संपली की हा आपला देव खाऊन टाकतो! शिवा शिवा. रागवावं म्हटलं तर हसूच येतं.

मग तसबिरीला विभूती, एक फूल, आणि नमस्कार. शिस्तीत करतो हं.

११ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

मुरगूडहून ह्यांची चुलत बहीण झुंबरबाई आली. देवाच्या पाया पडायला आत गेली आणि मोठ्यानं गळाच काढला! मी पळत गेले. तोंडाला पदर, डोळ्यांतनं पाणी. "आगं शांतव्वा, कवा झालं हे? येवढी गुणाची सून! कळीवलं सुदिक न्हाईस आमास्नी!"

मला आधी कळेना. मग तिनं तसबिरीकडं बोट केलं. विभूती, फूल.

"अहो वन्सं, ती कामावर आहे! काल फोन आलता."

तर माझ्यावरच उलटली. "जित्या मानसाला फूल घालतीस व्हय? आणि मी उगंच रडलो!" तीन कप चहा आणि पुरणपोळ्या दोन, तेव्हा कुठं शांत झाली.

ती गेल्यावर मनात काहीतरी आलं. बसूला जवळ घेऊन तसबीर दाखवली. ही कोण रे?

"देव."

तसबीर देवघरातनं काढली. त्याच्या कॉटजवळ भिंतीला लावली.

१६ सप्टेंबर

घरचं दूध पीत नव्हता, म्हणून हे संध्याकाळी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर घेऊन जातात. म्हैस समोर पिळायची, फेसासकट पेला तोंडाला. साहेब एका दमात पितो आणि मिशा न पुसता घरी येतो. ओटचा डबा चिमणाबाईला देऊन टाकला. धुण्याभांड्याला येते ती. तिची कोंबडी खातात म्हणे.

तिनंच भाषा बिघडवली. मी शिकवते "नाही", ती शिकवते "न्हाय की!" आणि जिंकते ती. दाराची कडी वाजली की हा पुढं पळतो आणि कमरेवर हात ठेवून विचारतो, "कोण पावणं?" पोस्टमन तर मुद्दाम दोनदा कडी वाजवतो.

१९ ऑक्टोबर, रविवार

फोन शेजारच्या धोंडुबाईंकडं. रविवारी सहाला येतो. त्यांच्या घरातली सातजणं कान देऊन बसतात, मग मला एक धड बोलता येत नाही. पूर्वी बसू पळत जायचा. आज बोलावलं तर माझ्या पदरामागं लपला. सुष्मिता तिकडनं हाका मारतेय — बसू, बसू! ह्यानं माझ्या पायाला मिठी घातली.

मला बरं वाटलं. लिहू नये. पण वाटलं.

७ डिसेंबर, रविवार

आज बसूनं आपणहून फोन ओढून घेतला. कानाला लावला. तिकडनं सुष्मिता काहीतरी बोलली. ह्यानं एक हात कमरेवर ठेवला आणि खणखणीत विचारलं —

"कोण पावणं?"

धोंडुबाईंचं सगळं घर हसायला लागलं. मीही हसले. फोन घेतला, म्हटलं, "ऐकलंस काय गं?" तीही हसली. मग म्हणाली, "अव्वा, पैसे फार होतात, ठेवते."

इतकी वर्षं मी सांगत आलेय फोन लवकर ठेव म्हणून. आजवर कधी ऐकलं नव्हतं.

१३ जानेवारी १९९८, मंगळवार

मल्लूचं पत्र. सुष्मिता पास! तिला मोठ्या दवाखान्यात जागा मिळाली. तर बसूला जूनमध्ये न नेता आणखी दोन वर्षं इथंच ठेवावं, त्याला तिथं अजून नीट सोय नाही, "तुम्हाला जड होणार नसेल तर."

जड! अरे, हेच तर मी रोज देवाकडं मागत होते! दोन वर्षं म्हणजे बालवाडी इथंच. उद्याच्या संक्रांतीला तिळगूळ दुप्पट केला. ह्यांना पत्र वाचून दाखवलं. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पत्रात सुष्मिताचं अक्षर कुठं हाय?"

नव्हतं. एक ओळसुद्धा नाही.

२० जानेवारी

कागलचे एक गृहस्थ तिकडनं रजेवर आले, त्यांच्याबरोबर सुष्मितानं स्वेटर पाठवलाय. तिनं स्वतः विणलेला, रात्रपाळीत. निळा, पुढं दोन बदकं. एक टाका चुकलेला नाही.

बसूच्या डोक्यातनं खाली उतरेना. ओढून ताणून घातला तर बाह्या कोपरापर्यंत, पोट उघडं. तो "न्हाय की, न्हाय की" करून रडायला लागला. काढला.

चिमणाबाई भांडी घासता घासता म्हणाली, "कुनाचा वं ह्यो, वैनी? येवढुसा?"

"बसूचाच," म्हटलं.

गेल्या जूनमधल्या बसूचा. आईला तेवढाच माहीत आहे. आणि मी बोटं मोजत होते — आणखी दोन वर्षं, आणखी दोन वर्षं!

दुपारी स्वेटर घडी करून ठेवला. काढला. परत ठेवला. आज जेवण गेलं नाही.

२१ जानेवारी, बुधवार

पत्र टाकलं. मल्लूला नाही, तिला. लिहिलं ते एवढंच — सुष्मिता, दोन वर्षं नाही, जूनपर्यंतही नाही. रजा मिळेल तशी ये आणि पोराला घेऊन जा. दिवसा बघायला तिथं एक बाई ठेव, पैसे लागले तर लागू देत — हे मी लिहितेय! मात्र आल्यावर आठ दिवसांत पळू नकोस. महिनाभर राहा, त्याला तुझ्या कुशीत झोपायची सवय होऊ दे, मी माडीवर झोपेन. कोणत्या तारखेला येतेस ते उलट टपाली कळव. उशीर करू नकोस, माझं मन बदलेल.