तुमची नेहमीची क्वार्टर

बाबा, गेल्या आठवड्यात मी रिटायर झाले आणि ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर दोन ग्लास बिअर प्यायले. पूर्वी एवढ्याने मला काही व्हायचं नाही. या वेळी जिना चढताना कठडा धरावा लागला, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं जड. तेव्हा तुमची आठवण आली आणि, खरं सांगते, बरं वाटलं.

दहिसरच्या चाळीत तुम्ही रोज संध्याकाळी एक क्वार्टर संपवायचात आणि सगळ्यांना सरळ चालून दाखवायचात. माझी दहावीची परीक्षा चालू होती, तरी मित्रांसाठी बोंबील तळायला मला बसवलंत. "बाबा, उद्या गणिताचा पेपर आहे," म्हटलं, तर त्यांच्यासमोर म्हणालात, "आईवर गेली आहे. दोन आणि दोन किती, ते तिला विचारून बघा." मित्र हसले. आई परातीतल्या पिठाकडे बघत राहिली. त्या पेपरात मी नापास झाले.

सत्तरीत तुम्हाला कमी ऐकू यायला लागलं, म्हणून बोरिवलीच्या डॉक्टरांनी सगळं मलाच सांगितलं. "या वयात शरीरातलं पाणी कमी होतं, लिव्हर मंदावतं. तेवढीच दारू आता जास्त चढणार, त्यात ही प्रेशरची गोळी. पडतील ते. घरी नीट समजावा." रिक्षात तुम्ही विचारलंत, "काय म्हणाला गं?" मी तुमच्या कानाशी ओरडले, "सगळं ठीक आहे म्हणाले."

पुढच्याच रविवारी नातवाच्या वाढदिवसाचं जेवण होतं. तेच मित्र आलेले. बाटली मीच आणून ठेवली. क्वार्टर संपवून तुम्ही चालून दाखवायला उठलात आणि तिसऱ्या पावलाला दारातल्या चपलांवर कोसळलात. पॅन्ट ओली झाली. मित्र ताटात बघत बसले. मी माझा भात शांतपणे संपवला.

खुबा मोडला तो मोडलाच. आठ महिने तुम्ही अंथरुणात होतात आणि तुमचं हगणंमुतणं आईने काढलं. मला सूड तुमच्यावर उगवायचा होता, वाट तिची लागली. तेवढंच सलतं. तुमच्याबद्दल काही वाटत नाही, तुम्ही गेलात त्या दिवशीही वाटलं नाही.

हॉस्पिटलात आईने विचारलं तेव्हा मी म्हणाले होते, डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं. ती आता ऐंशीची आहे. अजून म्हणते, "एवढं सांगून ऐकलं नाही ना गं त्यांनी?" मी दर वेळी हो म्हणते. हा कागद घरात ठेवणार नाही. तिला माझं अक्षर अजून वाचता येतं.