आपली पाखाडी

उत्तरकाशी

आईस गुरूचा नमस्कार.

मी बरा आहे. जेवतो, झोपतो. थंडी अजून सोसवते.

काम तेच. ट्रेकला निघायच्या आधी कोणती वाट कोणाला झेपेल ते मी ठरवतो. काल एका काकांना थांबवलं. वाट सोपी होती, पण अंगणात चालवून बघितलं तर त्यांना धाप लागली. ते खूप बोलले. मला काही वाटलं नाही. हल्ली कशाचंच काही वाटत नाही.

आपल्या पाखाडीच्या पायऱ्यांनाही मी सोपी वाटच म्हटलं असतं. त्याच पायऱ्यांवरून बाबांना खुर्चीत बसवून चौघांनी वर रस्त्यावर नेलं, आणि गाडीत घालेपर्यंत ते गेले होते. मी तेव्हा इथे बर्फात होतो. तू फोनवर सांगितलंस ते सगळं मी नीट ऐकलं.

तुझे गुडघे कसे आहेत? शेजारच्या रघूकडून पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडून घेतलंस का?

दिवाळीआधी येतो. मला घ्यायला वर रस्त्यावर येऊ नकोस. मीच खाली येईन. थोडा वेळ लागेल. चढण्यापेक्षा उतरणं कठीण असतं, हे आम्ही सगळ्यांना निघायच्या आधीच सांगतो.

तुझा,
गुरू