दुसरी किल्ली

हरीओमदादा,

उद्या तू फौजेतून रिटायर होऊन आपल्या गावाले, किन्हीराजाले, येऊन राह्यला. जीपवर तुही मिरवणूक हाय. आई म्हणते, ओवाळाले बहीणच पायजे.

तुमच्या पलटणीच्या शस्त्रागारातून दोन पिस्तुलं चोरीले गेली. दाराले दोन कुलपं, एक किल्ली तुह्यापाशी, दुसरी त्याच पलटणीतल्या माह्या नवऱ्यापाशी. चौकशीत तू सांगतलं, "जवायावर भरोसा करून माही किल्ली त्यालेच देल्ली होती." हे गप्प राह्यले अन् जेलात गेले. मले म्हणे, "त्यानं किल्ली देल्लीच नव्हती. पण तुहा भाऊ हाय, त्याची पेन्शन बुडीन."

आता भेटली ना पेन्शन?

ओवाळाले येतो मी. सगळ्या गावासमोर इचारतो, तुही किल्ली कोनापाशी होती?

हे पत्र धाडत नाही. आधी समजलं, तं तू याही खेपेले जवाब तयार ठेवशीन.

उद्या ओवाळेपर्यंत तुही बहीण,
वैजयंती