मुळ्याचा रस घरच्यायले चालत नाही

ती. रमाकांतदादास,

उंद्रीहून तुह्या बहिणीचा पाया पडून नमस्कार. तू अन् अन्नपूर्णावहिनी बरे असान. आमचं इचारशीन तर तुमचे जावई ठणठणीत हायेत, इतके की आता दुसऱ्यायले बरे करून राह्यले.

मांगच्या थंडीत त्यायले मुतखडा झाला, तुले ठाऊकच हाय. कोणीतरी मुळ्याच्या पाल्याचा रस सांगतला. मी रोज सकाळी वाटून, गाळून दिला अन् खडा पडला. (चिखलीच्या डॉक्टरच्या गोळ्याही चालू होत्या, पण त्याचं नाव आता घरात काढाची सोय नाही.) खडा कापसात गुंडाळून देवाजवळ ठेवला अन् जावई वैद्य झाले. तवापासून ओसरीवर माणसं बसून राह्यतात. जावई नाडी पाह्यतात (मुतखड्याले नाडी काऊन पाह्यतात, मले इचारू नको), पैसा घेत नाहीत अन् सगळ्यायले चहा पाजतात. त्यायच्या या पुण्यात पाला वाटणं, चहा मांडणं अन् गिलास धुणं एवढं माह्या वाट्याले आलं. पाट्यावर वाटला तरच गुण येते म्हणे, म्हणून मिक्सर बंद. उरलेल्या मुळ्याची भाजी, मुळ्याचे पराठे, मुळ्याची कोशिंबीर. शेजारीण आता खिडकी उघडत नाही.

दिवाळीपासून माह्याही कमरेत तशीच कळ येते. परवा धाड गावच्या रंगरावले रस देता देता मी खालीच बसली. रंगरावनं गिलास तेवढा सांभाळला. जावई म्हणाले, गॅस हाय. गावात शिबिराले आलेल्या डॉक्टरीणबाईनं मले सोनोग्राफी सांगतली, तर म्हणाले, वैद्याचीच बायको दवाखान्यात गेली तर लोकं काय म्हणतीन? बरं, मी रस तरी घेते म्हटलं, तर तोही नाही. देणाऱ्याच्या घरच्यानं घेतला तर हाताचा गुण जाते म्हणे. साऱ्या गावाले वाटून देते, अन् माह्यासाठी या घरात एक मुळा निघत नाही. लय राग येते दादा, अन् भेवही वाटते. बाकी सर्व ठीक.

तुह्यी स्नेहलता

ता.क. उत्तर फोनवर देऊ नको. फोन त्यायच्या खिशात असते.

आणखी एक ता.क. चिठ्ठी पोचली की मले न्याले ये. माह्या दुखण्याचं नाव काढू नको, पाठवणार नाहीत. वहिनीले मुतखडा झाला, पाला वाटाले बाई पाहिजे, असं सांग. त्याच एसटीनं पाठवतीन.