भोवऱ्याजवळची जागा

मंगळवार, १२ नोव्हेंबर

चि. कुरळ्या,

आशीर्वाद. थोडा रागावलोय, पण आशीर्वाद आहेतच.

इकडे आम्ही ठणठणीत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण आई त्याहून जास्त कुरकुरते, म्हणजे तब्येत चांगली आहे असं समज. आज दुकान बंद, म्हणून लिहायला बसलोय. फोनवर तू "हो बाबा, हो बाबा" करून माझी बोळवण करतोस. पत्राला तसं करता येत नाही.

दुकानात नवी खुर्ची आणली, मागे कलणारी. पोस्टातले काका तीत बसले आणि अर्धी दाढी होईतो घोरायला लागले. उरलेली अर्धी मी त्यांचं नाक धरून केली.

आता मुद्द्यावर येतो. तू डोक्यावर केस लावून घेणार आहेस, हे मला कळलंय. आईवर चिडू नकोस. तुझा फोन आला की ती आत जाऊन कुजबुजते आणि बाहेर येऊन माझ्या डोक्याकडे बघते. एवढ्यावरून न कळायला मी काय दूधखुळा आहे? खोदून विचारलं तेव्हा भडाभडा बोलली.

तू तिला म्हणालास, "इथलं पाणी बाधलं." अरे, पाण्याला उगाच बदनाम करू नकोस. तुझे केस तिकडे गेले नाहीत. इथेच गेले, माझ्या डोळ्यांदेखत. कॉलेजात होतास तेव्हाच भोवऱ्याजवळची कातडी दिसायला लागली होती. कंगवा घातल्याबरोबर मी ओळखलं. मग तू नोकरीला जाईपर्यंत मी तुझे केस असे कापले, की तुला पत्ताच लागला नाही. वरचे जरा लांब ठेवायचे, भोवऱ्याच्या वळणानंच पाडायचे आणि बाजू बारीक करायच्या. बाजू भरगच्च राहिल्या की वरचं विरळ उठून दिसतं. आणि मागचा आरसा! प्रत्येक गिऱ्हाइकाला धरून दाखवतो, तुला मात्र "झालं, ऊठ" म्हणायचो. तुला वाटायचं, बाबांना घाई आहे. तिकडे कुणीतरी सरसकट मशीन फिरवलं, एका बैठकीत सगळं उघडं पडलं, आणि तुला वाटलं केस एकदम गळले.

याची मला लाज नाही, उलट छाती फुगते. माझ्या हातचं सगळ्यांत चांगलं काम तेच, आणि ते कुणाला दाखवायची सोय नव्हती.

माझे तर तेविसाव्या वर्षीच गेले. नवं कोरं दुकान आणि मालकाचं डोकं चकचकीत! एक गिऱ्हाईक दारातूनच म्हणालं, "याला स्वतःचे सांभाळता आले नाहीत, हा आपले काय सांभाळणार?" मी म्हटलं, "डोक्याकडे बघू नका, हाताकडे बघा. बसा." बसला. अजून येतो. तुझ्या आईनंसुद्धा मला पसंत केलं ते टकलासकट. विचार तिला.

तर गेल्या आठवड्यात दुकान तुझ्या ताईवर सोपवून मी त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. बाई माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "काका, तुम्हाला यायला जरा उशीरच झाला हो." म्हटलं, "माझ्यासाठी नाही, मुलासाठी." मग त्यांनी नीट समजावलं. डोक्याच्या मागचे केस काढून पुढे लावतात, ते बहुधा टिकतात. पण कमी वयात, गळती चालू असताना घाई केली, तर लावलेले राहतात आणि त्यांच्यामागचे जात राहतात. पुढे हिरवळ, मागे माळ. शिवाय मागचा साठाही कधीतरी संपतोच. म्हणून आधी औषधानं गळती थांबते का, ते बघायचं. एवढं तुझ्या डॉक्टरांना विचार. लाजू नकोस.

करूच नकोस, असं मी म्हणत नाही. लोकांना बरं दिसावंसं वाटतं, म्हणून तर आपल्या घरात चूल पेटली. मग तुलाच कुठल्या तोंडानं नाही म्हणू?

फक्त एक. "मला बाबांसारखं दिसायचं नाही," असं तू आईला म्हणालास. तिच्या तोंडून ते निसटलं, लगेच जीभ चावली तिनं. लागलं रे मला. मग काम करताना आरशात स्वतःकडे बघायचंच टाळलं. दिवसभर आरशापुढे उभ्या असलेल्या माणसाला ते किती अवघड! शेवटी पाहिलं. चांगलं डोकं आहे. गोल, कुठे खड्डा नाही, टेंगूळ नाही. तुझं अगदी तसंच आहे. तुला ठाऊक नाही, मला आहे. तू जन्मल्यापासून ते माझ्या हाताखालून गेलंय.

बाई म्हणाल्या, लावण्याआधी डोकं पूर्ण बारीक करावं लागतं, तिथलंच कुणीतरी करून देतं. ते चालायचं नाही. आता ठरो, नाहीतर चार वर्षांनी ठरो, दिवस कळव. मी माझी पेटी घेऊन येतो. बारीक मीच करणार. आणि या वेळी मागचा आरसाही धरणार. आधी नीट बघ. त्यानंतरही लावावेसे वाटले, तर खुशाल आत जा. मी बाहेर बसून राहीन.

तुझ्या डोक्याचा पहिला आणि हक्काचा कारागीर,
बाबा