साडूसाठी दातेरी चक्र

४ फेब्रुवारी, रविवार
सूड! सासुरवाडीला जाताना पाण्याच्या टाकीच्या चढावर मी सायकल हातात धरून चाललो होतो (व्यायाम म्हणून). मागून साडू आला. हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. साध्या सायकलवर, शीळ घालत. बाजूने जाताना म्हणाला, "सावकाश या, घाई नाही." मी पोचलो तेव्हा त्याचं जेवण उरकत आलं होतं आणि सासूबाई त्यालाच आग्रह करत होत्या. ठीक आहे. पुढच्या रविवारी त्याच चढावर तो धापा टाकत असेल आणि मी फटफट करत वर. त्याच्या तोंडावर धूर सोडणार.

५ फेब्रुवारी, सोमवार
सायकलला इंजिन बसवायचा संच माळ्यावर पडून होता, तो काढला. सायकलला इंजिन बसलं. उरलं काय, तर मागच्या चाकाला दातेरी चक्र. इंजिनाची साखळी त्याच्यावरून फिरते. स्पोकच्या आतून एक रबर, बाहेरून एक रबर, वर चक्र, नट आवळले की काम फत्ते. ही म्हणाली, कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे न्या. म्हटलं, सूड दुसऱ्याच्या हाताने घेत नसतात.

६ फेब्रुवारी, मंगळवार
बसलं! चाक फिरवलं की किंचित डुलतं. हिच्या मते किंचित नाही. तिला म्हटलं, तू तिरकी उभी आहेस.

७ फेब्रुवारी, बुधवार
चक्र उलटं बसलं होतं. खोलगट बाजू आत हवी, ती बाहेर. चूक संचाच्या माहितीपत्रकात चित्र काढणाऱ्याची. हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून पुन्हा खोललं. नट आवळताना डोळ्यांसमोर साडूचं तोंड आणलं, म्हणजे जोर येतो. जरा जास्तच आला. तीन स्पोक गेले, चाकाची पार पापडी झाली.

८ फेब्रुवारी, गुरुवार
हिच्या सायकलचं मागचं चाक काढून घेतलं. त्यावर चक्र झकास बसलं. ही दवाखान्यात कामाला चालत गेली. उशीर झाला, डॉक्टर सगळ्यांदेखत बोलले म्हणे. संध्याकाळपासून अबोला. मोठ्या कार्यात घरच्यांना थोडी झळ लागतेच. शिवाय शांतता असली की पाना चांगला चालतो.

९ फेब्रुवारी, शुक्रवार
साडूचा फोन. म्हणाला, ताईंकडून कळलं, काही मदत हवी का? पाना घेऊन येतो. म्हणजे टरकला! चक्र बघून जायचा डाव आहे. सांगितलं, सगळं उत्तम चाललंय. तो "बरं" म्हणाला. आवाज पडलेला वाटला.

१० फेब्रुवारी, शनिवार
गल्लीत चाचणी. साखळी उतरली. चढवली. उतरली. चक्र अजून थोडं डुलतं, पण वेगात गेलं की ते आपोआप सरळ येत असणार. समोरच्या आजोबांनी विचारलं, हा खडखडाट कसला? म्हटलं, ताकदीचा.

११ फेब्रुवारी, रविवार, सकाळ
साडू चढाच्या पायथ्याशी ठरल्या वेळी येतो. आज त्याचा हिशेब चुकता. ही पुढे गेली. कशी, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ
ही साडूच्या कॅरियरवर होती. दोघांना चढावर गाठलं. इंजिन गरजत होतं. अजून हातभर, की पुढे! तेवढ्यात साखळी चक्रावरून उडाली, स्पोकमध्ये गुंतली, चाक जाम. मी कठड्यावर.

साडूने सायकल टाकून धाव घेतली. कुठे लागलं का, विचारलं. मग रस्त्यावर बसून साखळी सोडवली, हात कोपरापर्यंत काळे. माझी सायकल टाकीच्या कुंपणाला बांधली. गुडघा खरचटला होता. ही गुरुवारनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, "तुम्ही बसा मागे. मी चालते."

बसलो. साडू उभा राहून पॅडल मारत होता, धापा टाकत होता. माझ्यामुळे! वर दोघे एकदमच पोचलो, म्हणजे बरोबरीच म्हणायची.

पण ही चालत आमच्या पुढे निघून गेली. वळूनसुद्धा पाहिलं नाही.