ही काडी कशाची हाय?

सोमवार, १४ जुलै
आन् वरून मलाच शिकवतो! ह्या नगरच्या दिलीपशेठकडून आमी किती वर्सं जोडकामाच्या काड्या घेतो. दर बारीला डबा आसतो, डब्यावर नाव आसतं. ह्या बारीला पेपरात गुंडाळून दिल्या. नाव न्हाई, टोकाला रंग न्हाई. फोन करून इचारलं, शेठ, डबा कुठाय? म्हणतो, "वैनी, काडी वापरायचीय का डबा जोडायचाय?" आन् खी खी हसला. मेला.

डेअरीच्या दूध थंड करायच्या मशीनचं काम आलंय. तांब्याला तांबं आसतं तर आपली रोजची काडी बास, फ्लक्सचा लेपबी लागत न्हाई. पण हितं तांब्याची नळी स्टीलला जोडायची. तिथं रोजची काडी ठिसूळ व्हती, सुटती. चांदीचीच पायजे, वर पांढरा फ्लक्स. आमचे हे म्हणले, "आसू दे, लावून तर बगू."

मंगळवार, १५ जुलै
वारं लई. ज्योत जागेवर राहीना. दुकानाचं शटर ओढलं. ह्या दिवसांत आष्टीत ओढावंच लागतं, दरवर्सी ओढतो.

काडी पाण्यावानी पळाली. लावली की फटीत शिरली. हे खूस. "अगं, ही सुनंवानी हाय, सांगायच्या आत काम!" सून कुठाय आपल्याला? पण बोलायची हौस. ह्यांना मोतीबिंदू झाल्यापासनं गॅस माझ्या हातात, हे नळी धरतेत. आन् दिसत न्हाई म्हणून पार नाक लावून बसतेत. मागं सरका म्हणलं तर, "तुझ्यावर ध्यान ठिवावं लागतं."

धूर पिवळट. मातकट. जुन्या काडीला असला कदी…

तोंड गोड गोड झालं, दोघांचंबी. म्हणलं उपाशी पोटामुळं आसंल.

दिवस कलला तशी ह्यांना थंडी भरली. खोकला. काढा दिला.

बुधवार, १६ जुलै
सकाळी बगते तर भितीला टेकून बसलेले. श्वास वढतेत पण आत जात न्हाई.

गावातला डॉक्टर तरणा हाय. छाती तपासली आन् त्याचंच तोंड उतरलं. काम काय करता म्हणला. सांगितलं.
"काडी कशाची?"
"चांदीची."
"नुसती चांदी?"
नुसती कुठं आसती. तांबं आसतं, जस्त आसतं. आनखी काय ते आमाला कोण सांगतंय.
"कॅडमियम आहे का त्यात? सोनार केडीएम म्हणतात ते."
माझा हात मंगळसूत्रावर गेला. केडीएम न्हाई म्हणून सोनार पाट्या लावतेत. मला वाटायचं ती सोन्याची भानगड हाय, आमच्या कामाशी काय संबंद.
फ्लक्सच्या वाफंनंबी घसा जळतो म्हणला. पण फ्लक्स जुन्याच डब्यातला, त्यानं कुणाला काय झालं न्हाई. नवी हाय ती काडी.
"नगरला न्या. आत्ताच."
ह्यांनी त्या हालातबी त्याला सांगितलं, "काम तिचं… मी नुसतं धरलं व्हतं."

गुरुवार, १७ जुलै
नगर. दवाखाना. तोंडाला मास्क, नखं निळी. मी नखांकडंच बगत बसते.

मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणल्या, कॅडमियम आसंल तर छातीवर भागत न्हाई, मूत्रपिंडबी बगावं लागंल. काडीत काय हाय ते लिहून आना.

दिलीपशेठ फोन घेत न्हाई.

हे हातानं खुणावतेत. कळंना. वर, वर. मग कळलं. शटर वर घे म्हणतेत. खिडकी तर सताड उघडी हाय. तरी मी उठले, खिडकीला हात लावून आले. "घेतलं वर." ह्यांनी मान हालवली.

शटर मीच ओढलं व्हतं.

शुक्रवार, १८ जुलै
ह्यांच्या भावजयीला खाटंजवळ बसवलं आन् सरळ दिलीपशेठच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक व्हतं, आसू दे. काड्या काउंटरवर आपटल्या.
"ह्यात काय हाय?"
"वैनी, चांदी."
"आनखी?"
"माल वरून येतो. कंपनीला इचारतो."
"कंपनीचं नाव?"
म्हणतो, "भाऊंना वारं बाधलं आसंल, व्हतील बरे."
काडी उचल म्हणलं. उचलाया गेला, आन् हात मागं घेतला. हसला न्हाई ह्या बारीला.

बगून मला जास्तच भ्या वाटलं. ह्याला म्हाईत हाय.

सांगून आले. सोमवारी दुपारच्या आत कागदावर पायजे, सही करून. हाय तर हाय, न्हाई तर न्हाई. कागद न्हाई आला तर गॅस घिऊन येते, तुमचंच शटर ओढते, ह्याच काड्या लावते. तुमी नळी धरा. नाक लावून.

सोमवारी. दुपारच्या आत.